परत तळा

एकतीस वर्षं मी शेव चाखली.
घाणा उतरला की चिमूटभर जिभेवर,
मग वहीत दोनच शब्द:
लवंग कमी. मोहन जास्त. परत तळा.
गिळली कधीच नाही. खुर्चीमागं बादली असायची.
निवृत्तीनंतर डॉक्टर कर्णिक रिपोर्ट बघून चक्रावले,
मी सगळं श्रेय बादलीला दिलं.

म्हणून जावयानं मला बोलावलं.
पलासियाच्या गल्लीत त्याचं बारा टेबलांचं हॉटेल,
परवाना नुकताच आलेला,
आणि काउंटरवर सहा बाटल्या
वर्तमानपत्रात गुंडाळून, पोटावर स्केचपेननं एक ते सहा.
"सगळ्या याच सालच्या लाल, बाबा.
फेब्रुवारीत वेलीवर होत्या. सगळ्या सहाशेच्या आत.
एक निवडा, जी मी पेल्यावर विकेन
आणि माणूस पुढच्या शनिवारी परत येईल."

मी तोवर दोनदा प्यालो होतो,
दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या लग्नात.

पहिलीला वास नव्या रबरी चपलेचा.
दुसरी लाघवी, घोट घेताच गळ्यात पडणारी;
अशी शेवही असते, साखर टाकून जळकेपणा झाकलेली.
तिसरीत जांभूळ होतं,
राजवाड्यापाशी मीठ भुरभुरून देतात तसलं,
जीभ रंगवून वर कोरडी करणारं.
चौथी नुसतीच भांडली.
दात आंबले, कानामागं शिरशिरी,
कच्च्या करवंदाचा चीक टाळूला चिकटला.
वहीत लिहिलं: परत तळा.
शर्वरी हसली, "बाबा, ह्या तळत नाहीत."
पाचवी आठवत नाही.
सहावीत लवंग. लवंग मी झोपेतही ओळखतो.
म्हणालो, ही घे. निनादनं लगेच फोनवर नोंद केली.

बादली ठेवली होती त्यानं, स्टीलची, कोरी.
पण शेव मालकाची होती,
आणि ही पोरांच्या कर्जाची.
थुंकवेना.
जिना उतरताना मी कठड्याला "जरा सरका" म्हणालो,
असं शर्वरी सगळ्यांना सांगते.

सकाळी साडेआठला गेलो,
पोह्यांचा पुडा, जिरावण वेगळं बांधून.
खुर्च्या टेबलांवर उताण्या.
पोरगा फरशी पुसत होता, त्याला अर्धे पोहे दिले.
बाटल्या रात्रीच्याच जागी, उघड्या, तळाशी बोटबोटभर.
सवय जात नाही. चहाच्या ग्लासात ओतून बघितलं.

सहावीची लवंग उडून गेलेली, मागं रंगीत पाणी.
दुसरीचा पाक झालेला.
आणि चौथी,
रात्रभर हवा खाऊन ती खाली बसली होती.
करवंद पिकलं होतं.
भांडण होतंच, पण आता मुद्द्याचं,
आणि पोह्यांतल्या बडीशेपेशी, वरच्या शेवेशी
तिनं आपसूक जमवून घेतलं होतं.

मी ग्लास खाली ठेवला.
एकतीस वर्षांत एकदाही
काल नापास केलेला घाणा मी आज चाखला नव्हता.
गरम असताना, मिनिटाच्या आत, दोन शब्द.
हेही लिहून टाकतो:
निनाद पहिल्यांदा घरी आला तेव्हा
चपला काढता काढता माझ्याशी वाद घालत आला होता.
वही हाताशी नव्हती म्हणून बरं.

कुठली आहे ते बघावं म्हणून कागद सोडायला घेतला.
त्यावर वधू-वर पाहिजेच्या जाहिराती होत्या.
उंची, पगार, गोत्र, स्वतःचा फ्लॅट.
वाचत बसलो. सोडायचं राहून गेलं.

निनादला फोन केला: चार.
"पण रात्री तर तुम्ही सहा..."
रात्री मी नोकरीवर होतो, म्हटलं.
संध्याकाळी विकायची असेल तर सकाळीच उघडून ठेव.
आणि येताना अजून एक पुडा पोहे आण,
तुझ्या पोरानं माझेही संपवलेत.