चुकलेली खाच

बाबाजीपुरा, बडोदे. रस्त्याकडची बाजू
एकोणीस फूट सात इंच.
फितीचं एक टोक फाल्गुनीकडे, एक माझ्याकडे,
मधे वलसाडी साग, शंभराच्या पुढचा,
आणि उंबऱ्यावर गार होत चाललेला चहा.

पहिल्या मजल्याला हस्त सहा.
पाचांवर पोपट. सहाव्यावर
बँडवाला की शिपाई, कळत नाही,
तैलरंगाचे इतके थर, की त्याचं नाक
आता फक्त बोटांना सापडतं.

खिळा कुठेच नाही.
खाचेत कुसू, कुसवातून आरपार बाभळीची खुंटी.
पावसाळ्यात फुगते, वैशाखात सैलावते;
सांधा कुरकुरतो, पण सोडत नाही.
तुळयांच्या टोकांना पटाशीच्या खुणा:
एक रेघ. दोन रेघा. दोन रेघा नि टिंब.
अंगणात आडवं पसरलेलं घर
कुणीतरी या खुणा बघत बघत उभं केलं.

गुप्त्यांच्या खर्चवहीत तो एका ओळीपुरता येतो:
मोघजी मेस्तर, रोज आणे बारा.
खाली बारीक अक्षरात: एक रोज कापला.
कारण लिहिलेलं नाही.

त्याच तुळयांवर आता खडूचे आकडे आहेत.
जुन्या सामानाचा दलाल मंगळवारी येऊन गेला.
हस्त सहा, खांब चार, झरोका अख्खा,
कठडा फुटावर.
त्याचे आकडे ठळक, नीट, इंग्रजी.
घर उतरवायलाही क्रम लागतोच.

माळ्यावर एका तुळईला खडू लागलेला नाही.
टॉर्च धरला तर दिसतं:
मधोमध, जिथे काहीच येऊन बसत नाही अशा जागी,
एक चौकोनी खाच,
आणि तिच्यात ठोकून बसवलेला सागाचाच तुकडा,
रेषेला रेष जुळवून, रंधा मारून,
इतका बेमालूम, की नख अडकलं म्हणून कळलं.
खोट असलेला माल दलाल घेत नाही.

नकाशाच्या खुणांत यासाठी काही नाही.
खांबाला आहे, भिंतीला आहे, जिन्याची दिशा दाखवायला बाण आहे.
फाल्गुनी खालून ओरडते, काय लिहू?
मी गुडघ्यांवर, केसांत जळमटं,
अंगठा त्या तुकड्यावर.

लिही, लांबी चार इंच, रुंदी पावणेदोन.
खोली?
खोली मोजता येत नाही.
भरलेली आहे.