वॉल्वची चावी

पंचायतीला कुलूप लागून एकोणीस महिने झाले.
मुदत संपली, निवडणूक कोर्टात अडकली,
नेमलेला प्रशासक खानापुरात बसून
आणखी अकरा गावं बघतो.
आमचा नंबर बहुतेक बारावा.

बेंगळूरला अर्ज केला, तो परत आला:
कन्नडमध्ये लिहा.
मुंबईला कुणी केलाच नाही.
नकाशावर दोघांनाही हवंय हे गाव,
पहाटे पाचला पाणी सोडायला मात्र
दोघांपैकी कुणी उठत नाही.
मी उठतो.

मी मष्णू, वॉल्वमन.
पगार मागच्या शिमग्यापासून बंद,
चावी कुणी परत मागितली नाही.
हातभर लोखंड, वर आडवी मूठ,
थंडीत धरली की तळव्याला चिकटते.

पुतण्या धारवाडला शिकतो.
दिवाळीत टाकीखाली बसून म्हणाला,
काका, तुमच्या गावात जे चाललंय
त्याला पुस्तकात मोठं नाव आहे.
अराज्यवाद.
मी म्हटलं, आमच्यात अराजक म्हणतात की.
नाही, ते वेगळं, अराजक म्हणजे गोंधळ.

दिवसभर डोक्यात तेच.
राजा नाही, एवढंच तर सांगतो तो शब्द.
मग गोंधळ त्यात कुणी घातला?
राजानंच घातला असणार,
जाता जाता.

कारण गोंधळ झाला नाही, हे खरं.
मोटर जळाली तेव्हा डालड्याच्या डब्यात
तीन दिवसांत नऊ हजार जमले,
काजूवाल्या पेद्रूनं तर दोनदा टाकले,
पहिल्यांदा टाकल्याचं विसरून.
शाळेपुढचा दिवा कोण बदलतं
अजून मला कळलेलं नाही.

पण पुतण्याला एक सांगितलं नाही.

पाच गल्ल्या, प्रत्येकीला चाळीस मिनिटं.
वरच्या गल्लीला दीड तास.
हे कुठं लिहिलेलं नव्हतं.
बाळगौडांनी कधी सांगितलंही नाही,
नुसते दारात येऊन उभे राहायचे, दात घासत,
आणि माझा हात
आपोआप सावकाश व्हायचा.

पंचायत होती तेव्हाही असंच होतं.
पंचायत गेली,
हा हात गेला नाही.

खालच्या गल्लीतल्या निलव्वानं
भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या होत्या,
रोज किती घागरी भरल्या त्याच्या.
सोमवारी चार. मंगळवारी तीन.
बुधवारी रेघ नाही, नुसता कोळशाचा डाग,
हात टेकून उभी राहिली असेल.

एके पहाटे ती वॉल्वच्या झाकणावर येऊन बसली.
मला वाटलं, चावी मागणार.
म्हटलं, अक्का, ऊठ की, काय करूलीस?
तिनं पदराखालून घड्याळ काढलं,
गजराचं, एक पाय तुटलेलं,
विटेचा तुकडा लावून उभं केलं
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.
"मला कुणाचं काय नको.
तू ह्याच्याकडं बघून फिरव.
दारात कोण उभं हाय ते बघू नको."

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांनी
मूठ फिरवताना
मानेच्या मागं कुणीतरी खाकरलं.
मी मागं बघितलं नाही.
शूर म्हणून नव्हे. मान वळेना.

हे तुझ्या पुस्तकात आहे काय रे, पोरा?
वरचा गेला म्हणून
मधले जात नाहीत.
आणि सगळ्यांत शेवटी जातो तो
आपल्याच मनगटात बसलेला असतो,
त्याची मुदत कोण संपवणार?

परवा जीप आली.
काळी काच, नवीन साहेब,
हातात कुलपाची किल्ली.
कुलूप गंजलेलं, उघडेना.
वैतागून त्यानं रस्त्यावर विचारलं,
"इल्लि यार नोड्कोंतार्री?"
इथलं कोण बघतं?

प्रश्न सगळ्यांना कळला, दोन्ही भाषांत.
बाळगौडांनी घसा साफ केला.
पेद्रूनं माझ्याकडं बघितलं,
मी घड्याळाकडं,
आणि निलव्वानं घागर सरळ केली.
खालच्या गल्लीची सात मिनिटं
अजून शिल्लक होती.