पंच क्रमांक दोन

मी समक्ष हजर होते. तसं लिहून घेतलंय माझ्याकडून.
सौ. रेवती तांडेल, वय एक्कावन्न,
धंदा नोकरी, मालमत्ता कर विभाग,
राहणार करावे गाव, नेरूळ.
'धंदा' या रकान्यापाशी हवालदाराचं पेन जरा अडलं,
मग त्याचा तोच हसला.

वाशी, सेक्टर सतरा, दुसरा मजला.
जिन्यात गवती चहाचा वास,
आमच्या परसातलाच, पण बाटलीत भरलेला.
बोगस गिऱ्हाईक वर गेलं पाचशेच्या सात नोटा घेऊन,
नंबर आधीच टिपून ठेवलेले.
आम्ही खाली उसाचा रस पीत थांबलो.
इशारा म्हणजे एक मिस्ड कॉल.

मिळून आलेला मुद्देमाल:
टॉवेल चोवीस, तेलाच्या बाटल्या अकरा, नोटा सात,
गिऱ्हाइकांची वही एक,
आणि फळीवर हातभर देव्हारा,
पुढे लाल सरबताची बाटली,
तिच्यात स्ट्रॉ खोचलेली
देवाला प्यायला सोपं जावं म्हणून.
साहेब म्हणाले, हे लिहू नका.

सदर महिला, नाव सुनिसा, उर्फ नोक.
नोक म्हणजे पाखरू, दुभाषी बाई फोनवरून म्हणाली.
हवालदारानं लिहिलं, उर्फ नाक.

सदर महिलेस विचारले असता तिने सांगितले की
उदोनजवळ गाव आहे, घर पक्कं झालंय,
भावाला गाडी घेऊन दिली.
देवळाला एक खिडकी दिली,
खिडकीखाली तिचं नाव कोरलंय.
पैसे कुठून आले, गावात कुणी विचारत नाही.
विचारणं बरं दिसत नाही.
लेकीनं आईच्या दुधाचं देणं फेडलं, एवढंच बोलतात.
आणि सोयरीक बघायला आले
की सगळ्यांना सगळं माहीत असतं.

दुभाषी हे बराच वेळ सांगत होती.
कागदावर उतरलं, 'आर्थिक अडचणीमुळे'.

मला नामी आत्या आठवली.
दर महिन्याच्या सात तारखेला मनीऑर्डर.
बाबांच्या होडीला इंजिन बसलं,
कुडाच्या भिंती विटांच्या झाल्या,
माझी बारावीची फी.
आत्या मुंबईला कामाला होती.
काय काम गं, विचारलं
की आई भाकरी जोरात थापायची.

माझ्या हळदीला ती आली नाही.
आली असती तर मांडवातनं कोण कोण उठून गेलं असतं
ते चुलत्यानं आधीच मोजून ठेवलं होतं.
तिनं पाठवलेल्या पाटल्या मात्र
त्यानंच सोनाराकडे नेऊन वजन करून आणल्या.

गावदेवीच्या देवळात फरशीवर देणगीदार कोरलेत,
एकशे बारा नावं.
शेवटून तिसरी ओळ, 'एक भक्त, रु. ५००१'.
आमच्या घरात ती ओळ कुणी मोठ्यानं वाचत नाही.

मनात आलं, सांगावं हिला,
तुझं नाव तरी लिहिलं गं.
पण कुठल्या भाषेत सांगणार,
आणि सांगून तिला काय मिळणार होतं?

खाली उतरलो तर दुकानदार मोबाईल धरून उभे,
शूटिंग चाललेलं.
'अशा बायकांनी एरिया घाण केला,' एकजण म्हणाला.
त्याला मी ओळखते, दोन वर्षांची थकबाकी आहे.
त्याचं नाव वहीतही होतं, पान नऊ.
वही सील झाली होती.

गाडीत चढताना ती थांबली, काहीतरी बोलली.
फोनमधून उत्तर आलं:
ती विचारतेय, देवाची बाटली उद्या कोण बदलेल.
साहेब म्हणाले, चला.

मी तीन ठिकाणी सही केली,
वाचून पाहिले, बरोबर आहे.

घरी पोचले तर साडेदहा.
सून दारातच, एवढा उशीर? होतात कुठे?
कामाला, म्हटलं.
परातीत पीठ भिजवलेलं होतंच.