हरळी, चौरस फुटाच्या भावाने

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी
राजेंद्र नगरच्या आमच्या गल्लीत टेम्पो शिरला.
मागे ओल्या गोणपाटाखाली गुंडाळलेली
चारशे चौरस फूट हरळी.
अठरा रुपये फूट, उतरवणावळ वेगळी.
भेरूलालच्या कानामागे अजून गुलाबी रंग.
“आजच बिछवा, बाई,” म्हणाला,
“बांधलेली घास आतून तापते.”
मी हात घातला गुंडाळीत.
खरंच, ताप आलेल्या पोराच्या काखेसारखी.

दादांनी हे बिल पाहायला हवं होतं.
हातोदच्या साडेसात बिघ्यांत
ते जन्मभर हीच खणत आले,
कुदळीनं, नांगरानं, शेवटी नुसत्या रागानं.
पांढऱ्या कांड्या उन्हात पसरून ठेवायचे,
बांधावर टाकू द्यायचे नाहीत:
एक पेर मातीला लागलं की
पुन्हा तिचंच राज्य.
आम्हाला टोपलीमागे पाच पैसे मिळायचे.
आणि तेच दादा
लग्नात कुणी पाया पडलं की म्हणायचे,
हरळीसारखे पसरा.

पंधरा दिवस मी जमीन करत होते.
फियाट उभी राहायची तिथली जमीन,
तेल प्यालेली, दगडासारखी.
वीतभर खणली तेव्हा निघालं:
कौलाचे तुकडे, एक गंजका नट,
दोन गोट्या, कुणाच्या ते आठवेना.
काळी माती; ओली झाली की चप्पल सोडत नाही,
वाळली की बोट जाईल अशा भेगा.
तिच्यात वाळू, सहा पोती शेणखत,
मग फळी ओढून ओढून सपाट,
फाटकाकडे जरासा उतार.

पहिली ओळ दोरीला धरून.
दुसरी अर्ध्या तुकड्यापासून,
विटांच्या भिंतीसारखी,
सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.
नळाच्या झाकणाभोवती मी
भाजीच्या चाकूनं गोल कापून दिलं.
फटींत वाळू. मग पाण्यानं भरलेला निळा पिंप
भेरूलाल आणि त्याची सुगना
इकडून तिकडे लोळवत राहिले,
सुगना हसत, तो न हसता.

प्रत्येक तुकड्याखाली बोटभर माती होती,
तांबूस, आमच्यासारखी नाही.
“कुठली?”
“देवास के आगे की.”
मला उगीच वाटलं होतं, हातोद म्हणेल.
हातोदला आता प्लॉट आहेत, नंबर घातलेले दगड आहेत,
आमच्या वाट्याच्या पैशातले उरलेसुरले
मी आत्ताच त्याच्या हातात मोजले.
देवासच्या पुढे कुणाचं तरी शेत
दर खेपेला बोटभर खाली जात असेल.
हे मी त्याला बोलले नाही.

नर्मदा एक दिवसाआड, पहाटे साडेपाचला.
हौद भरून ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ शिंपायचं,
पाय ठेवायचा नाही, कुणीच नाही.
शेजारच्या अद्वैतचा चेंडू आत आला
तो मी दोरीबाहेर उभी राहून
झाडूनं ओढून काढला.
पाचव्या दिवशी कडा वाळल्या, वर वळल्या,
पापडासारख्या.
फोन केला. “पाणी,” एवढंच म्हणून
त्यानं ठेवून दिला.

अकराव्या दिवशी कोपऱ्यातला तुकडा
दोन बोटांत धरून मी हळूच ओढला.

दादाही असेच ओढायचे,
ओठ घट्ट मिटून, सगळी यावी म्हणून.
मधेच तुटली की तिथेच मटकन बसायचे.

तुकडा उचलला गेला नाही.
आणखी जोर लावला.
खालून काहीतरी धरून होतं,
बारीक, हट्टी.
मी सोडून दिलं. टाचेनं दाबलं.
मग लक्षात आलं, पाय ठेवला.

डिसेंबरात ही तपकिरी होईल,
भेरूलालनं आधीच बजावलंय, घाबरू नका,
मरत नाही, झोपते.
मला माहीत आहे, म्हटलं.
आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं.