सुरू होण्याआधीचं

साडेसातला गिरणीचं शटर अर्धं ओढून
मी घणसोलीहून कोपरखैरण्याला चालत जाते.
झेरॉक्सच्या दुकानावरचा क्लास, अकरा पोरं आणि मी.
पोरं काकू म्हणतात, मागच्या बाकावर सरकून जागा देतात.
पीठ कितीही झटकलं तरी केसांच्या मुळाशी उरतंच,
वहीवर डोकं झुकवलं की ओळींमध्ये पांढरं सांडतं.

गवंडे बाई फळ्याच्या मधोमध रेघ मारतात.
डावीकडे भांडवली, उजवीकडे महसुली.
वर्ष ओलांडून कामाला येतं ते डावीकडे,
वर्षाच्या आत खाऊन संपतं ते उजवीकडे.
सोपं आहे, म्हणाल्या.
मला वाटलं, सोपंच. संसार केलाय.
कढई डावीकडे, तेल उजवीकडे.

गृहपाठात मी माझीच गिरणी घातली:
तुर्भ्याहून आणलेली जुनी चक्की, एकतीस हजार.
टेम्पो, चौदाशे.
उतरवायला चार हमाल, चहा धरून नऊशे साठ.
विश्राम मिस्त्रीने बेअरिंग बदललं, दगडांना टाकी लावली,
गंज खरवडून हिरवा रंग मारला: सहा हजार दोनशे.
दुरुस्ती म्हणजे महसुली.
बिनधास्त उजवीकडे लिहिलं.

बाईंची लाल फुली.
"चक्की तेव्हा चालू झाली होती?"
नव्हती.
"मग ती दुरुस्ती नाही, ती चक्कीचीच किंमत.
सुरू होण्याआधी जे जे लागलं, सगळं तिच्यात मिळवायचं.
सुरू झाल्यावर हाच मिस्त्री, हीच टाकी, हेच पैसे,
तेव्हा महसुली."

येताना नाल्याच्या पुलावर थांबले जरा.
बटण दाबण्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं,
एवढाच फरक?

सात महिने ती ताडपत्रीखाली उभी होती.
मीटरसाठी वाशीला किती खेपा, मोजल्या नाहीत.
जयवंत म्हणायचा, विकून टाक, भंगारवाला तरी नेईल.
एकदा मी ताट आपटलं, त्याची कड अजून वाकडी आहे.
एका रात्री ताडपत्रीत शिरून चाकाला हात लावून बसले.
थंड लोखंड. उंदरांच्या लेंड्या.
हे कुठल्या रकान्यात, बाईंना विचारलं नाही.
पोरं हसली असती,
आणि पावती नाही त्याची नोंद नाही, हा धडा झालेला.

क्लासच्या फीचं मात्र विचारलं. साडेचार हजार.
वर्ष ओलांडून कामाला येणार ना?
बाई पहिल्यांदाच हसल्या.
"गल्ल्यातून घेतलेस?"
हो.
"मग ती उचल. धंद्याचा खर्चच नाही तो.
धंदा वेगळा, तू वेगळी."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी पट्टा तुटला.
देवकुळेवहिनी वरईचा डबा घेऊन उभ्या,
"गव्हावर घालू नकोस हं माझं, उपास आहे."
विश्राम आला, तीनशे ऐंशी घेऊन गेला.
पिठाळ बोटांनी रोजकीर्दीत लिहिलं,
महसुली,
विचार न करता.

दुपारी जयवंत दारात टेकून म्हणाला,
आवाज बदललाय गं चक्कीचा.
घसारा, मी म्हटलं.
काय?
मी वहिनींच्या डब्याला झाकण लावलं,
दोनदा दाबून.