टिकाऊ

डिचोलीच्या बाजारात, नागवेकराच्या दुकानात
मी सरळच विचारलं : यातलं टिकेल काय?
घरात दोन मुलं. रेवा चार वर्षांची, धाकटा दीडचा,
आणि धाकटा सगळं आधी चाटून बघतो.

नागवेकर हसला नाही. त्याला स्वतःला तीन.
मासळीवाली वाटे लावते तसं काउंटरवर मांडलं त्यानं :
इथे व्हिडिओ कॅसेटी, इथे व्हीसीडी,
इथे नव्या डीव्हीडी, अजून प्लास्टिकच्या सालीत,
आणि कडेला, दुपारी उरलेल्या बांगड्यांसारख्या,
गोष्टींच्या साध्या कॅसेटी, दहाला एक.

"डीव्हीडी बरी दिसता," तो म्हणाला,
"पूण भुरग्यांच्या हातांत तिचो आरसो जाता."

खरंच होतं. आमच्या आधीच्या तीन तबकड्या
आरसा झाल्या, मग झाकणी, मग बाहुलीचं ताट.
सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की
रेवा एक बोटात अडकवून दारात उभी :
काकणालाही भोक, हिलाही भोक,
एकाच भट्टीतनं आली असणार दोन्ही.
एकदा तिनं अर्धं काकण प्लेअरला भरवलं.
तो जेवला नाही.
पुन्हा काही बोललाही नाही.

त्यात खाणीची धूळ.
पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं.
एक तांबडा कण आणि माझा पदर, एवढं पुरतं;
मग पडद्यावरचं हत्तीचं पिल्लू
चौकोन चौकोन होऊन, सोंड वर करून थांबतं,
आणि रेवा रडते, त्याचा हात भरून आला म्हणून.

व्हिडिओ कॅसेट पडून फुटत नाही, कबूल.
पण आषाढात तिच्या खिडकीआड
पांढरी बुरशी धरते, लोणच्यावर धरते तशी.
लोणच्याचा वरचा थर निदान काढून टाकता येतो.

घरी मत पडलं, सगळ्यांत टिकाऊ म्हणजे अंगण.
मत देणारे स्वतः क्रिकेट बघत होते.

शेवटी पाच गोष्टींच्या कॅसेटी घेतल्या,
स्वस्त म्हणून. निवड वगैरे काही नाही.
एकीत खेकडा होता. तो म्हापशाच्या शुक्रवारी
चपला घ्यायला जातो, आठ पाय, चार जोड,
आणि दुकानदार दर पायाला वेगळा भाव सांगतो.
सहाव्या चपलेशी रेवा श्वास धरायची.

एका दुपारी तिनं लाल बटण दाबलं.

आता खेकडा म्हणतो, "ही जरा घट्ट..."
आणि खाट.
मग पंखा. मग लांब कुठेतरी मागे येणारा टिप्पर.
मग रेवा, टेपरेकॉर्डरच्या तोंडात तोंड घालून :
"खेकड्या, तू जेवलास?
आमच्याकडे आज सुंगटं. तुझ्या घरचे नाहीत ना ते?"
मागे धाकट्याचा एक लांब ओऽऽ.
आणि कुणी बाई, फार कातावलेली : "कोण गं तिथे?"
ती मी.
खाट. गोष्ट संपलेली, नुसत्या घंटा.

मी भांडायलाच गेले होते नागवेकराकडे.
त्यानं ऐकून घेतलं, सगळं, दोनदा.
मग कॅसेट उलटी धरून पाठीवरचे दोन दात दाखवले :
"हे मोडचे. मागीर कोणाक पुसूंक मेळना."
स्क्रू-ड्रायव्हरनं टक. टक.
नवी वस्तू घरी नेल्यानेल्या थोडी मोडायची असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता यंत्राचा पट्टा सैल झालाय.
चार वर्षांची रेवा हल्ली बाप्यासारखी बोलते,
आणि सुंगटांची चौकशी करायला तिला फार वेळ लागतो.
नागवेकर मोबाइलची कव्हरं विकतो.
खेकड्याचं पुढे काय झालं, त्यालाही विचारून झालं.
म्हणाला, दोन पाय उघडेच राहिले असतील, ताई,
चालता येतं तेवढ्यानं.