हिरवी जोडी, नारिंगी जोडी

रुसेत, डॅन्यूबच्या काठी, आमचं घर दुमजली होतं
आणि वरच्या मजल्याचा खालच्या मजल्याशी
विस्तव जात नव्हता.
म्हणजे अक्षरशः.
पूर्वी एकाच धुराड्यातून दोन्ही स्टोव्ह श्वास सोडायचे.
गॅरेजची वाटणी फिसकटली, तेव्हा बाबांनी आमच्याकडचं भोक
विटेचा तुकडा आणि जुनं वर्तमानपत्र कोंबून बुजवलं.
त्याला नऊ वर्षं झाली होती.

इंटरनेट आलं ते खाली, झ्द्राव्को काकांकडे.
आणि इस्क्रा होती स्पेनमध्ये,
ल्येइदाच्या शेडमध्ये पीच डब्यात भरत.
शनिवारी रात्री ती कॅमेऱ्यासमोर बसायची,
आई मात्र फोनला कान लावून विचारायची:
जाड झालीस की बारीक?

स्टांका काकू जिन्यात भेटली.
आईशी नाही, हातातल्या लोणच्याच्या बरणीशी बोलली:
"वायर वर न्यायची तर न्यावी. कोण अडवतंय?"
मी खाली जाऊन काकांना विचारलं.
त्यांनी मान आडवी हलवली.
आमच्याकडे त्याचा अर्थ हो.

वीट काढली. वर्तमानपत्रातली काजळी गालिच्यावर सांडली.
अकरा मीटर केबल धुराड्याच्या भोकातून खाली सोडली,
दोन्ही टोकांना प्लग दाबून बसवले, मीच, पंधरा वर्षांची,
उसन्या पकडीने.
दोन्हीकडे रंगांचा क्रम अगदी सारखा. नीटनेटका.
दिवा लागला नाही.

रात्री तीनला कळलं.
दोन कॉम्प्युटर थेट जोडले की
दोघंही एकाच जोडीवर बोलतात
आणि दुसऱ्या एकाच जोडीवर कान लावून बसतात,
जिथून कुणीच काही बोलत नाही.
(मला यात नवं काही वाटलं नाही. मी त्याच घरात वाढले होते.)
म्हणून एका टोकाला हिरवी जोडी नारिंगीच्या जागी,
नारिंगी हिरवीच्या.
याचं बोलणं त्याच्या ऐकण्यात.
निळी आणि तपकिरी काहीच करत नाहीत,
नुसत्या सोबत जातात, वर-खाली, माझ्यासारख्या.

दिवा लागला. हिरवा, जरा थरथरत.

काकांचा कॉम्प्युटर एक, आमचा दोन.
बाहेरच्या जगाला मात्र दोन्ही मिळून एकच पत्ता दिसायचा.
पण आधी त्यांचा चालू हवा, तरच आमचा जगाशी बोलणार.
काका दहाला झोपणारे. इस्क्राची शिफ्ट सुटायची अकराला.
पहिल्या शनिवारी आम्ही साडेदहालाच आशा सोडली.
साडेअकरा झाले. खालून पंखा घरघरतच होता.
विजेचं बिल काकांच्या नावावर यायचं.
त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

मग फेब्रुवारीत, ऐन बोलण्यात, इस्क्रा गोठली.
तोंड उघडं, केस कापलेले, एक हात हवेत.
आई स्क्रीनवर थापट्या मारू लागली.
आणि भोकातून आवाज आला,
काजळी खरवडत, घोगरा:
"ओगी! बंद करून चालू करतोय! दोन मिनिटं!"

ओगी.
बाबांना या नावाने हाक मारणारं
त्या घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.
बाबा उठले. भिंतीपाशी गेले. वाकले.
इतका वेळ वाकून राहिले की मला वाटलं, कंबर धरली.
मग भोकात म्हणाले, "कर."

दोन मिनिटांची चार झाली. इस्क्रा परत हलली.
"मध्येच कोण ओरडलं?"
"सर्व्हर," बाबा म्हणाले.

गॅरेजला अजून दोन कुलपं आहेत.
वायरी आता कुणालाच लागत नाहीत.
गेल्या उन्हाळ्यात रंगाऱ्याने विचारलं, ही कापू का?
काका खालून आणि बाबा वरून
एकदमच "नको" म्हणाले, आणि दोघंही वैतागले.
मी पाहिलं तर वरच्या प्लगची खिट्टी तुटलेली.
नवा बसवला.
रंग अजून पाठ होते.